एक मीटरच्या अलीकडे

९ नोव्हेंबर, वरसे

सामान लागलं एकदाचं. दिपिकाला धाटावच्या कंपनीत लॅबमध्ये नोकरी मिळाली, म्हणून साताऱ्याहून इथे आलो. मी घरबसल्या फोटो विकणारा माणूस, मला गाव कुठलंही चालतं. घर छान आहे. मागे अंगण, पलीकडे कापून झालेली भातशेतं, त्यांत आता वाल पेरलाय. घरमालकीण शांतीकाकू शेजारीच राहतात. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून त्यांनी कपाटातून एक डबा आणला. त्यांचे थोरले दीर सखा फोटो काढायचे, त्यांच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची लेन्स. "पडून पडून बुरशी लागंल तिला. तुमच्या कामाची हाय तर घ्या," म्हणाल्या. पितळ आणि काच. मुठीत मावते, पण चांगली जड आहे. माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला ती बसावी म्हणून अडॅप्टर मागवला. दिपिका म्हणते, घरात सवत आली.

१३ नोव्हेंबर

अडॅप्टर आला. सखाभाऊंना या लेन्समधून बघता येत नसे. त्या कॅमेऱ्यात बाजूच्या वेगळ्या खिडकीतून बघायचं, आणि लेन्सने काय पाहिलं ते फिल्म धुतल्यावर कळायचं. माझ्याकडे मात्र लेन्सला दिसतं तेच पडद्यावर येतं. फोकसची कडी हाताने फिरवायची; किती मीटरवरचं स्पष्ट दिसतंय त्याचे आकडे तिच्यावर कोरलेत. जे स्पष्ट होतं त्याच्या कडांवर लाल रेघ उमटते.

दिपिका अंगणात केस वाळवत बसली होती. फोटोत तिच्या गालावरचं ऊन सायीसारखं आलंय. आजकालच्या लेन्सना हे जमणार नाही. एकदा कडी जास्त फिरली, तेव्हा तिच्या मागे, कुंपणापलीकडच्या शेतात माणसाच्या आकाराची लाल रेघ दिसली. बुजगावणं असेल.

१४ नोव्हेंबर

शेतात जाऊन आलो. बुजगावणं नाही.

१६ नोव्हेंबर

पुन्हा दिसलं. आत काही नाही, नुसती कड. डोकं, खांदे, लोंबते हात. नेहमीची लेन्स लावली की दिसत नाही. नुसत्या डोळ्यांनीही नाही. फोटोत फक्त पुसटसा डाग येतो. त्या दिवशी कडीवर दहा मीटरचा आकडा होता, आज पाच. म्हणजे ते कुंपणाच्या आत आलंय, दिपिकाच्या पाठीमागे.

तिला सांगितलं. म्हणाली, काचेत बुरशी असेल, चष्मा तपासून घे.

१८ नोव्हेंबर

दिपिकाला तुळशीपाशी उभं केलं आणि शांतीकाकूंना पडद्यात बघायला सांगितलं. काकूंनी पाहिलं आणि पायरीवर बसल्या.

"व्हय. हाय कोणतरी."

मग सांगू लागल्या. सखाभाऊ आपल्या बायकोचे, पुतळीवहिनींचे फोटो काढायचे. फोटोंत वहिनींच्या मागे डाग यायचा आणि दर खेपेला पुढे सरकलेला असायचा. घाबरून त्यांनी वहिनींना माहेरी गागोद्याला धाडलं. घरच्यांना वाटलं, याचं डोकं फिरलंय. वहिनींना काही झालं नाही, त्या म्हाताऱ्या होऊन गेल्या. ऐकून मला इतकं बरं वाटलं की पुढचं काही विचारलंच नाही. काकू दिपिकाचा हात धरून म्हणाल्या, "जा गो, पोरी. चार दिस हितनं जा."

१९ नोव्हेंबर, पेण

दिपिकाने रजा काढली. पटलेलं नाही तिला, पण माझा चेहरा पाहून आली. तिचा मावसभाऊ हरेश गणपतीच्या कारखान्यात आहे, त्याच्या वरच्या खोलीत उतरलो. लेन्स घरीच ठेवून चल, असं तिने बजावलं होतं. मी आणली. लेन्स नसती तर मला काहीच कळलं नसतं.

खाली न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा. दिपिका त्यांच्यात उभी होती. मूर्तींपाठी काही नव्हतं. कडी जवळच्या आकड्याकडे फिरवली.

तिच्या शेजारी. खांद्याला खांदा लावून.

मी ओरडलो. हरेश धावत आला.

२० नोव्हेंबर

आज ते दिपिकाच्या पुढे आहे. तिच्या आणि माझ्या मध्ये. तिला ओलांडून आलं. मला रडू फुटलं, आनंदाने. तिला काही करायचं नाहीये त्याला. तिला जवळ घेतलं, ती म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ या.

मग ती चहा करायला गेली. मी कॅमेरा रिकाम्या भिंतीकडे धरला.

भिंतीपुढे होतं. तिची गरजच नव्हती. ते पहिल्यापासून इकडे, कॅमेऱ्याकडे—

२१ नोव्हेंबर

काकूंना फोन केला. सखाभाऊंचं काय झालं, विचारलं. म्हणाल्या, भरदुपारी अंगणात खुर्ची होती, खुर्चीत कॅमेरा होता. "माणूस नव्हता. आजून नाय."

लेन्स फोडायला दगड उचलला. फोडली तर ते थांबेल का? की नुसतं मला दिसायचं बंद होईल? दगड ठेवला.

दीड मीटर.

२२ नोव्हेंबर

एक. कडी टोकाला टेकली. चेहऱ्याच्या जागी काही नाही. तरी बघतंय.

मागे सरकलो. भिंत लागली.

२३ नोव्हेंबर

पडदा स्वच्छ. कुठेच नाही. दिपिका म्हणते, बघ, गेलं. गेलं नाही. एक मीटरच्या अलीकडचं या लेन्सला दिसत नाही. ते आता अलीकडे—

मानेवर गार लागतंय. पंखा बंद आहे.

दुपारी

दिपिकाने माझ्या हातातून कॅमेरा घेतला. माझी समजूत काढायला. दारात उभी राहून माझ्यावर धरलाय. कडी फिरवतेय. हसत होती.

आता हसत नाही.

म्हणाली, लिहीत राहा. हलू नको. मागे बघू नको. लिहितोय. काय दिसतं, विचारलं. म्हणाली, दोन कडा आहेत. तुझी आणि तुझ्या मागे, अगदी लागून. दिपिका, तू जा, हरेशकडे जा, म्हणालो. जात नाही. रडतेय. विचारतोय, दोनच ना अजून, वेगळ्या आहेत ना— बोलत नाही— दिपिका, दोन ना— म्हणते, नाही, आता ए