सात औटपाशी

आबा, काल शाळा सुटण्याआधी परवचा घेताना मी साडेतीनच्या पाढ्यात सात औटपाशी थांबलो. मुलांनी नेहमीप्रमाणे उरलेलं एका सुरात म्हटलं, "साडेचोवीस!" आणि पुढे चालू लागली. अमरावतीच्या या शाळेत तुमच्या मागे मी उभा राहू लागलो त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मुलांना वाटतं, ही माझी पद्धत आहे. मोठी माणसं म्हणतात, वडिलांची आहे. दोघांनाही मी कधी काही सांगितलेलं नाही.

सुरुवात डोळ्यापासून झाली. विलायतेपलीकडच्या कुठल्याशा लढाईने इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि रस्त्यावरून दिवसभर गाड्या चालत. तुम्ही जेवायला बसला होता. आई वाढायला वाकली तशी तुम्ही विचारलंत, "कुंकू बदललंस का? वाळल्या पानासारखं दिसतंय." आईने ते पुसून पुन्हा लावलं. तुम्ही एक डोळा झाकून पाहिलंत, मग दुसरा, आणि भात कालवू लागलात. आठवड्याभरात उजव्या डोळ्यापुढे धूर दाटला. डोळा फिरवला की आतून दुखायचं. वैद्यबुवांनी एरंडाची पानं तव्यावर गरम करून शेक द्यायला सांगितलं. शेकाने अंधार वाढायचा, आणि आडाचं गार पाणी तोंडावर मारलं की तुम्हाला दाराची कडी दिसू लागायची. तुम्ही हे सांगितलंत तर वैद्यबुवा म्हणाले, "मास्तर, वैद्य मी की तुम्ही?"

दिवाळीपर्यंत नजर परत आली. आईने देवीची ओटी भरली, काकांनी पेढे वाटले. डोळे परत आले तिथेच खरी अडचण झाली, हे आज कळतं. आंधळ्या माणसाला लोक हात देतात. ज्याला दिसतं त्याने वाचलं पाहिजे, शिकवलं पाहिजे, हिशेब सांगितला पाहिजे. तुम्हाला ओळ दिसायची, पण शेवटच्या शब्दाला येईपर्यंत पहिला निसटलेला असायचा. तुम्ही पुन्हा मागे जायचात. काका आईला म्हणाले, "डोळे तर बरे झाले, मग हे काय सोंग?" तुम्ही ओसरीवर होता. ऐकलं असणारच.

त्या दिवसांत शाळेला मोठं महत्त्व आलं होतं, कारण अडत्यांना तोंडी हिशेब करणारी मुलं हवी होती. वलगावचा एक शेतकरी मुलाचा कान धरूनच आत आला. "मास्तर, याले साडेतीनचा पाढा, थे औटकी, पक्की करून द्या. तिकडं भाव चढून राह्यला अन हा अजून बोटं मोजून राह्यला!" तुम्ही हसलात. तसं हसलेले तुम्ही मला त्यानंतर फारसे आठवत नाही.

थंडीत शाळेचे तपासनीस आले. मी तेव्हा तुमच्या हाताखाली खालचा वर्ग घेत होतो. तुम्ही औटकी सुरू केलीत. सहा औट एकवीस. सात औट... आणि तुम्ही थांबलात. मी पाहिलं, तुमची नजर समोरच होती, पण तिच्यामागे कोणी नव्हतं. आपल्याकडे परवच्याचा रिवाजच असा, की मास्तर गप्प झाले तर मुलांनी ओढून न्यायचं. वर्ग गरजला, "साडेचोवीस!" तुम्ही पुन्हा दोनदा थांबलात, पुन्हा वर्ग गरजला. तपासनीस खूश झाले. "मास्तर अर्धं म्हणतात आणि अर्धं मुलांकडून काढतात, वाहवा!" त्यांनी तुमची शिफारस केली, आणि त्या मौनाच्या जोरावर तुमची बदली झाली अकोल्याला, जुन्या शहरातल्या मोठ्या शाळेवर.

आगगाडी अजून आली नव्हती. वैशाखात कापसाच्या गाड्यांची धूळ खात आपण छकड्यातून गेलो. मी आठ दिवस घर लावून द्यायला आलो होतो. पहिल्याच सकाळी तुम्ही गल्लीत उभे राहून शाळेची वाट विचारलीत. पानवाला म्हणाला, "मास्तर, शाया तं तुमच्या समोरच हाये! पाह्यता तिकडंच अन इचारता मले?" बाजूचे हसले. तुम्हीही हसल्यासारखं केलंत.

त्या मुलांना तुमचा रिवाज ठाऊक नव्हता. सात औट, म्हणून तुम्ही थांबलात तेव्हा ती नुसती बघत राहिली. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. मागून कोणी तरी कुजबुजलं, "मास्तरलेच येत नाई रे!" मी दाराशी उभा होतो. माझ्या तोंडून "साडेचोवीस" निघून गेलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?" मला तुम्ही जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी बाहेर येऊन बसलो.

संध्याकाळी तुम्ही मोर्णा नदीच्या उरल्यासुरल्या पाण्यात पाय सोडून बसला होता. गारव्याने बरं वाटत असावं. तुम्ही म्हणालात, "दिसतं रे सगळं. पाटीवरचा आकडाही दिसतो. तो माझ्यापर्यंत येईस्तोवर पोरं हसून मोकळी होतात." मग विचारलंत, "तुला आधीपासून ठाऊक होतं ना?" मी हो म्हणालो. "मग आईला सांगू नकोस. तिने ओटी भरलीय."

पावसाळ्याआधीच तुम्हाला परत पाठवलं. पुढे पाय गेले, मग बोलणं जड झालं. शेवटच्या वर्षी मी संध्याकाळी उशाशी बसून पाढे म्हणायचो आणि सात औटपाशी थांबायचो. तुमचे ओठ हलायचे. एकदाही आकडा बाहेर आला नाही, तरी मी रोज थांबत असे. तुम्ही गेल्यावर तीच सवय मी वर्गात नेली. तुमच्या दुखण्याला काय म्हणतात, ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतं. गेल्या चैत्रात मला डाव्या डोळ्याने बायकोच्या कपाळावरचं कुंकू मळकट दिसलं. मी तिला ते बदललंस का म्हणून विचारलं नाही. दोन महिन्यांत नजर निवळली.

आबा, काल मी मुद्दाम थांबलो नव्हतो.