ऊन खाणारं घड्याळ आणि लिमाचा ऑगस्ट

ला व्हिक्टोरिया, लिमा
२८ ऑगस्ट

परमप्रिय आणि आदरणीय कंपाद्रे अमेरिको ओशिरो यांना,

तुमच्या पोरीचा, म्हणजे माझ्या नील्दाचा, आणि माझा घट्ट मिठीसह नमस्कार, वर पाठीवर तीन थापा. (बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्र्यासमोर तुम्ही तिला हातात धरलंत, तिचे दुसरे बाप झालात आणि त्याच क्षणी माझे कंपाद्रे. त्यामुळे ती निम्मी तुमचीच. तिच्या शाळेतल्या तक्रारी मात्र सगळ्या माझ्याकडेच येतात.) तुमचे गुडघे कसे आहेत? त्या जपानातल्या कारखान्यात अजून उभ्यानेच काम करून घेतात का? कोमाद्रेंचा, म्हणजे वहिनींचा, खोकला गेला का? इकडे सगळं क्षेम आहे. मी बरा आहे, कंबर सोडली तर. पण कंबरेबद्दल मला काही लिहायचं नाही, लिहायचंय ते मनगटाबद्दल.

तुम्ही पाठवलेलं घड्याळ फेब्रुवारीत पोचलं. डबा उघडला आणि मला वाटलं तुम्ही चुकून एखाद्या ट्रकचा भाग पाठवलात. एवढं मोठं घड्याळ मी आजवर फक्त स्टेशनच्या भिंतीवर पाहिलं होतं. मनगटावर चढवलं तसा उजवा खांदा वर आणि डावा खाली झाला. सोबतचं माहितीपुस्तक बायबलएवढं जाड आणि अथपासून इतिपर्यंत जपानी, पण चित्रांवरून मुद्दा कळला: वर सूर्य, खाली घड्याळ, मध्ये बाण. सेल नाही, चावी नाही, ऊन खायचं आणि चालायचं! कंपाद्रे, मी घड्याळावर जीव टाकला. तासाचा आकडा तेवढा तुमच्या जपानचाच राहिला, कारण चार बटणं आणि माझी जाड बोटं यांचं जमेना. पण मला तासाशी काय करायचंय? माझा धंदा मिनिटांचा. उलट बरंच झालं, घड्याळ बघितलं की कळतं, आत्ता कंपाद्रे दात घासत असतील.

(धंद्याचं तुम्हाला नव्याने सांगायला नको, पण पत्र कोमाद्रेंना वाचून दाखवाल आणि त्यांना अजून वाटतं मी ट्रॅफिक पोलीस आहे, म्हणून लिहितो. मी दातेरो. एकोणीस वर्षं एकाच कोपऱ्यावर उभा आहे. बस गेली की तिचं मिनिट वहीत टिपायचं, मागची आली की तिच्या कंडक्टरला ओरडून सांगायचं, "पुढची चार मिनिटांवर, भरून गेलीय!" तो खिडकीतून नाणं टाकतो आणि ड्रायव्हर ठरवतो, पळायचं की रेंगाळायचं. सांगून टाका त्यांना, शिट्टी माझ्याकडे कधीच नव्हती.)

आता घड्याळाचा टणकपणा ऐका. पहिल्याच आठवड्यात ते पट्ट्यातून निसटून एउदोसियाबाईंच्या पातेल्यात पडलं. एउदोसियाबाई म्हणजे माझ्या शेजारीच जव-अळशीच्या गरम काढ्याची गाडी लावणाऱ्या विधवा बाई. हात मोठा, जीभ त्याहून मोठी. त्यांनी डावाने घड्याळ वर काढलं आणि म्हणाल्या, "घ्या सेनोबियो, तुमचं बाळ उकडून तयार आहे. पुढच्या वेळी आंघोळ घालायची तर घरी घाला." घड्याळ चालू! (काढाही चालू, गिऱ्हाइकांनी आणखी मागितला.) मग मला चेव आला. नळाखाली धरलं, गच्चीवरून टाकलं, शेवटी ड्रायव्हर रुफिनोच्या बसच्या चाकाखाली ठेवलं. घड्याळाला ओरखडा नाही. रुफिनो मात्र अजून सांगत फिरतो की तेव्हापासून त्याचं पुढचं चाक डावीकडे ओढतं.

एकच पंचाईत होती. आमच्या कोपऱ्यावर असलं घड्याळ उघडं मिरवणं म्हणजे मनगटासकट दान केल्यासारखं. म्हणून मी एका काळ्या मोज्याचा पंजा कापला आणि उरलेली नळी कोपरापर्यंत चढवली. बस आली की मोजा खाली, मिनिट बघितलं की मोजा वर. तुम्ही कारखान्यातले हुशार माणूस, तुमच्या लक्षात आलंच असेल यात काय गफलत आहे. माझ्या सहा महिन्यांत आलं नाही.

आता मुख्य संकट. आमच्या बसकंपनीने एक नवे साहेब आणलेत, इंजिनियर बालारेसो. टाय लावतात आणि चिखलात उतरताना पँट चिमटीत धरतात. त्यांनी प्रत्येक बसमध्ये एक डबा बसवलाय, पुढची बस किती मिनिटांवर आहे ते तो आपोआप सांगतो. ऑगस्टच्या सुरुवातीला ते कोपऱ्यावर आले आणि एकदम गोड आवाजात म्हणाले, "सेन्योर सेनोबियो, आता तुम्ही घरी आराम करा." ड्रायव्हरांनी गलका केला, रुफिनो तर बस आडवी लावून बसला (चाक डावीकडे ओढत होतं म्हणून आडवी झाली असंही लोक म्हणतात), तेव्हा साहेब नमले. ठरलं असं: सोमवारी सकाळी सहा ते बारा ते माझ्या शेजारी उभे राहणार. माझी मिनिटं डब्याशी जुळली तर कोपरा माझा. तीन चुका झाल्या की वही बंद. कंपाद्रे, तुमच्यापासून काय लपवायचं, त्या दिवशी मी काढ्याच्या गाडीमागे जाऊन रडलो. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला दुसरं काय येतं? मला बस मोजता येतात. नील्दाची शाळा त्या बसमधून टाकलेल्या नाण्यांवर चालते. कोपरा गेला तर मी उभा कुठे राहू?

आणि नेमकं गुरुवारी घड्याळ डोळे मिचकावू लागलं. आकडे फिके, एक अक्षर लुकलुकतंय. एउदोसियाबाईंनी मोजा खाली ओढला, वर आकाशाकडे बघितलं (आमचा ऑगस्ट तुम्ही विसरला नसाल, मे महिन्यात गेलेला सूर्य अजून परतलेला नाही, डोक्यावर नुसती ओली गोधडी) आणि म्हणाल्या, "उपाशी आहे हो ते! ऊन खाणारं लेकरू, आणि तुम्ही त्याला सहा महिने मोज्यात कोंडलंत. वर रोज रात्री गल्लीभर त्याचा हिरवा दिवा लावून दाखवता. लाज कशी नाही वाटत?"

मग काय, रविवारी लिमाची माणसं करतात तेच केलं: घड्याळाला घेऊन ढगांपलीकडच्या चोसिकाला ऊन खायला गेलो. मी, एउदोसियाबाई (सोबतीला, उगाच भलतं समजू नका) आणि घड्याळ. तिकडे नेहमीप्रमाणे अर्धं लिमा शर्ट काढून पडलेलं होतं. आम्ही पाचामांका मागवली, तापल्या दगडांवर पुरून शिजवलेलं ते मांस, आणि तिसऱ्या खुर्चीवर रुमाल घालून घड्याळ ठेवलं. वेटर म्हणाला, "तिसरे पाहुणे काय घेणार?" शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आस्थेने विचारलं, "फार दिवसांपासून आजारी आहे का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आमच्या सासऱ्यांनाही डॉक्टरांनी हेच सांगितलंय." आणि तेव्हा कळलं मला, त्यांचे सासरे पलीकडच्या खुर्चीवर तसेच रुमालावर ठेवलेले होते. दर दहा मिनिटांनी सावली सरकली की मी खुर्ची सरकवायचो, ते सासरा सरकवायचे. चार वाजता आकडे ठळक झाले. मी घड्याळाचा मुका घेतला. एउदोसियाबाई दुसरीकडे बघत होत्या, पण म्हणाल्या, "निदान तोंड पुसून तरी घ्यायचा."

परतीच्या बसमध्ये मी आनंदात होतो, आणि आनंदात माणूस गाढव होतो. सगळ्यांना दिवा दाखवला. मागच्या बाकावरच्या एका आजीबाईंना तर अकरा वेळा, कारण त्यांना दर वेळी नव्याने कौतुक वाटायचं.

सोमवारी सहाला साहेब हजर. हातात यंत्र, गळ्यात टाय. पहिल्या काही बसगाड्या झकास गेल्या. सात वाजता मोजा खाली केला आणि बघतो तर काय. घड्याळ काळं ठिक्कर! आकडा नाही, ठिपका नाही. साहेब माझ्या तोंडाकडे बघतायत, समोरून बस येतेय, कंडक्टर ओरडतोय, "दादा, किती?" मी त्या काळ्या काचेकडे एखाद्या विद्वानासारखं बघितलं आणि म्हणालो, "पाच!" साहेबांनी यंत्र बघितलं. पाच.

पुढची पाच मिनिटं मी कशी काढली ते देवाला ठाऊक. पण एउदोसियाबाईंनी माझा चेहरा बघितला होता. तुम्हाला सांगतो, त्या काढा या भांड्यातून त्या भांड्यात तीन वेळा लांब धार धरून ओततात, वर लिंबू पिळतात, मग देतात. एकोणीस वर्षांत त्यात पळाचाही फरक नाही: एक पेला म्हणजे पाऊण मिनिट. त्या मोठ्याने ओरडायला लागल्या, "हा तिसरा! हा चौथा! घ्या लवकर, काय बघत बसलात?" चार पेले, तीन मिनिटं. मी ऐकायचो, काळ्या काचेकडे बघायचो आणि मिनिट सांगायचो. नऊच्या सुमाराला गिऱ्हाईक संपलं, तेव्हा बाईंनी साहेबांनाच धरलं. "थंडी आहे इंजिनियर, प्या. अहो, फुकट आहे, प्या!" नऊ ते अकरा साहेबांनी सतरा पेले रिचवले. मधल्या वेळात, आणि अकरानंतरही, बाई तोच काढा उगाच या भांड्यातून त्या भांड्यात ओतून मोठ्याने मोजत राहिल्या. आता हा काढा मूत्रपिंडाला किती चांगला असतो ते अख्ख्या लिमाला माहीत आहे. साहेब तीनदा पळत जाऊन आले, चौथ्यांदा पँट चिमटीत धरायलाही थांबले नाहीत.

बारा वाजता हिशेब झाला. एकशे सात बस, चूक एक, आणि ती डब्याची निघाली, कारण तो ज्या बसमध्ये होता ती रुफिनोची, डावीकडे ओढणारी होती. ड्रायव्हरांनी भोंगे वाजवले. साहेबांनी पुढे येऊन माझा हात धरला. म्हणजे हात नव्हे, मोजा धरला, आणि भारावून म्हणाले, "वा! यंत्र ते यंत्रच! जपानी ना?" मी काय म्हणणार, हो म्हणालो.

तर कंपाद्रे, असं हे तुमचं घड्याळ. जगात याला तोड नाही. उकळा, चिरडा, काही करा. तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. कोमाद्रेंना नमस्कार. गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक द्या.

तुमचाच ऋणी कंपाद्रे,
सेनोबियो चुम्पितास

ता. क. एक लहानसं काम होतं. साहेबांनी निष्कर्ष काढलाय की सगळी करामत घड्याळाची, माणूस कुठलाही चालेल. त्यांना असली बारा घड्याळं हवीत, बारा कोपऱ्यांवर त्यांचे बारा भाचे उभे करायला. माझ्या कोपऱ्यासाठी भाचा ठरलासुद्धा, परवा येऊन जागा बघून गेला. पार्सलवरचा तुमचा पत्ता साहेबांनी उतरून घेतलाय आणि तुमचं उत्तर येईपर्यंत मला ठेवलंय. तेव्हा कृपा करून त्यांना कळवा की हे घड्याळ भिकार आहे. मजकूर मीच देतो, तुम्ही फक्त जपानी कागदावर उतरवा आणि सही करा: "हे घड्याळ ढग बघून मरतं. त्याला आठवड्याला चोसिकाला न्यावं लागतं. दिवा लावला की बसतं. तास भलत्याच देशाचा दाखवतं. ऐन वेळी दगा देतं, आणि मग शेजारी काढ्याची गाडी असल्याशिवाय भागत नाही."

ता. क. २. तुम्ही म्हणाल, साहेबांना खरं का सांगत नाही? सांगणार होतो. पण मग ते माझ्या कोपऱ्यावर नुसती बाईंची गाडी ठेवतील आणि मला घरी पाठवतील.

ता. क. ३. मनात रुखरुख होती की तुमच्यासारख्या सरळ माणसाला खोट्यावर सही करायला लावतोय. म्हणून तो मजकूर एउदोसियाबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "यात खोटं कुठाय?" मी पुन्हा वाचला. कंपाद्रे, एक अक्षर खोटं नाही! तेव्हा बिनधास्त सही करा, पापही लागणार नाही आणि माझा कोपराही वाचेल.