एकच चूल

आई, तू जन्मात कधी विमानात बसली नाहीस, म्हणून आधी थोडं सांगावं लागेल. आता सरकारखेरीज खासगी माणसंही विमानं चालवतात. लखनौहून दिल्लीला अशा दोन लहान, स्वस्त कंपन्यांची विमानं जातात आणि त्यातल्या एकीचे हिशेब मी बघते. एकमेकींवर कडी करण्याच्या नादात दोघींनी तिकिटं इतकी उतरवली आहेत की कालपर्यंत रेल्वेनं जाणारी माणसं आता विमानतळावर दिसतात. दोघीही तोट्यात आहेत, समोरची जरा जास्तच. तिचे मालक परवा स्वतः आमच्या गोमती नगरच्या ऑफिसात आले, मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पेटी घेऊन. कंपनी विकायची आहे, एवढं सांगून झाल्यावर बराच वेळ आंब्यांवरच बोलत बसले. लखनौचा माणूस बुडत असला तरी आधी तुमची तब्येत विचारतो.

ते गेल्यावर आमचे मालक मला म्हणाले, "मैडम, सोमवार तक सोचकर बताइए, लें कि न लें." वर हेही म्हणाले की घेतली तर त्यांचा एकही माणूस काढणार नाही. मालक शब्दाचे पक्के आहेत, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. त्या कंपनीची विमानं आमच्याहून वेगळ्या जातीची आहेत. दोन जातींची विमानं ठेवायची म्हणजे सुटे भाग दोन प्रकारचे, वैमानिकांचं शिक्षण दोन प्रकारचं, म्हणजे आहे तो तोटा दुप्पट. तेव्हा त्यांची विमानं जिथून भाड्यानं आणली तिथं परत जाणार आणि त्यांचे मेकॅनिक आमच्याकडे येणार. उमर गेली त्यांची त्या एका यंत्रात हात घालण्यात. आमच्याकडे त्यांना पगार मिळेल, खुर्ची मिळेल, चहा मिळेल. हे सगळं मालक उत्साहानं सांगत होते आणि मला आपलं आलमबागचं रेल्वे क्वार्टर दिसत होतं.

काकांची बदली लखनौला झाली, त्यांना क्वार्टर मिळेना, तेव्हा ते आणि काकू आपल्याकडे राहायला आले. तुझी चूल स्वयंपाकघरात, काकूचा स्टोव्ह मागच्या व्हरांड्यात. रॉकेल मिळायची मारामार. दोन ठिकाणी जाळण्यात काय अर्थ आहे, असं बाबा म्हणाले आणि तूच हौसेनं म्हणालीस की एकच चूल करू या. काकूनंही मान डोलावली. तू तिची भांडी घासूनपुसून वरच्या फळीवर लावलीस, जपून, अगदी तुझ्या भांड्यांच्या वर. काकू रत्नागिरीची, तिला प्रत्येक गोष्टीत नारळ लागायचा. इथे नारळ महाग आणि वाळका, म्हणून तो हळूहळू येईनासा झाला. तुझा हात जळगावचा आणि झपाट्याचा. तिनं भाकरी थापायला घेईपर्यंत तुझ्या झालेल्या असायच्या. तिच्याकडे भाजी निवडणं, लसूण सोलणं राहिलं. "मी तिला काही काम पडू देत नाही," असं तू शेजारच्या शुक्लाइनला कौतुकानं सांगायचीस.

एक दुपार मला अजून दिसते. काकूचा भाऊ आलेला आहे, बाहेर बसला आहे. काकू रिकामं पातेलं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे आणि तुला विचारते आहे, "वहिनी, चहापुरतं दूध घेऊ का?" तू हसतेस. "अगं, विचारतेस काय? घर तुझंच आहे." आणि तिच्या हातातलं पातेलं घेऊन तू स्वतःच चहा टाकतेस. तुझ्या मनात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन.

पुढं काकांना तेलीबागेत एक कोंदट खोली मिळाली, भिंतींना ओल असलेली, आणि क्वार्टरची वाट न बघता ते निघून गेले. तू किती रडलीस. मी काय कमी केलं होतं, हे तू बाबांना विचारलंस, मला विचारलंस, शेवटच्या आजारपणात नर्सलासुद्धा विचारलंस.  त्याचं उत्तर मला मिळालं तू गेल्यानंतर, काकूकडून, तिच्याच स्वयंपाकघरात. ती ओलं खोबरं खवत होती. कुठून मिळवलं होतं देव जाणे. म्हणाली, "वहिनी मला एक शब्द जरी वाकडा बोलल्या असत्या ना, तर मी भांडले असते, राहिले असते. त्या इतक्या चांगल्या वागल्या, की मला त्या घरात हात ठेवायला जागा उरली नाही." रागानं नाही म्हणाली. खवत खवत म्हणाली.

मी "घेऊ नये" असं लिहिलं आहे. दोन्ही कंपन्यांनी वेळा वाटून घ्याव्यात, सकाळ आमची, संध्याकाळ त्यांची, एकीचं तिकीट दुसरीकडे चालावं, आणि आपापली विमानं आपापल्या माणसांनी सांभाळावीत, असं सुचवलं आहे. कागदावर कारणं सुट्या भागांची दिली आहेत आणि ती खरीच आहेत. पण मला भीती वाटते, आई. एवढ्यानं ती कंपनी तगली नाही, तर ते मेकॅनिक आमच्याकडे रिकाम्या हातांनी बसण्याऐवजी स्वतःच्या घरी बसतील, तेही बिनपगारी, आणि ते माझ्या सहीनं झालेलं असेल. एका काकूच्या दुःखावरून इतक्या माणसांचं ठरवणारी मी कोण? तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी सगळ्यांना घरात घे, मग बघू. कदाचित तुझंच बरोबर असेल. सोमवार उजाडेपर्यंत मी तो कागद फाडलाही असेल.

काकू काय म्हणाली ते आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. हे पत्र तुला पोचणार असतं, तर तेवढं मी गाळलं असतं. तू समोर बसून पुन्हा विचारलं असतंस, तर मी तुझा हात धरून म्हटलं असतं, काहीसुद्धा कमी केलं नव्हतंस.