माझ्या दोन काठ्या आणि धाकटीचा वाटा

मी, खाली सही करणारा, तीन भावंडांतला मधला, वय सव्वीस, शिक्षण अकरावी अर्धी, सध्याचा धंदा बर्फाच्या गाडीवर ड्रायव्हर (आधीचे धंदे लिहीत बसलो तर कागद पुरणार नाही), हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या डोक्याचं ऑपरेशन आहे. कवटीच्या आत रक्त साकळलंय, ते भोक पाडून काढणार आहेत. ज्याचं डोकंच उघडायचंय त्याचं डोकं ठिकाणावर होतं का, अशी शंका मागाहून कोणी काढू नये म्हणून मी सर्जनबाईंना सरळ विचारलं. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. एकोणऐंशीला अडकलो. आई म्हणाली, "तो शाळेतही तिथेच अडकायचा." त्यावर बाईंनी ठीक आहे म्हटलं. तेव्हा मी शुद्धीवर आहे, याला दोघींची साक्ष आहे.

माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. म्हणजे आईचा आहे, पण तो मी लिहू नये म्हणून आहे.

कलम पहिलं. बँकेत जे असेल ते आणि टायरच्या दुकानावरच्या माझ्या खोलीतलं सगळं सामान आईला. दार उघडताना कडी आधी वर उचलायची, मग ओढायची, नाहीतर ती हातात येते. आत खिडकीत कप आहेत. जिथे जिथे काम केलं तिथून निघताना मी एक कप मागून आणायचो. निळा कप रंगाच्या गोदामातला, कान तुटलेला लॉजमधला, जाड पांढरा बोटी रंगवायचो तिथला. त्या बोटींवर मी फक्त एक पावसाळा टिकलो, कारण मुकादमाला वाटायचं मी रंगवतो कमी आणि पाण्याकडे बघतो जास्त. बरोबरच वाटायचं त्याला. आई म्हणते, "लोकांचा संसार होतो, तुझे कप झाले." तिने ते हवे तर फोडावेत. पण निदान एकातून चहा प्यावा.

कलम दुसरं. मोटरसायकल थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. अट एकच. घरी पाहुणे आले की तो जे वाक्य बोलतो ते त्याने पुन्हा बोलायचं नाही. कुठलं ते त्याला माहीत आहे, तरी कायदेशीर कागद आहे म्हणून लिहितो: "आमच्या धाकटीने मारलंच होतं याला." हसत बोलतो, सगळे हसतात, आणि धाकटी ताटं उचलायला आत जाते. हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा निघालं तर मोटरसायकल टायरवाल्याला द्यावी. माझ्या मासे धरायच्या काठ्यांना, रिळांना आणि गळांना दादाने हात लावू नये. मागच्या वर्षी तो एकदाच आमच्याबरोबर किनाऱ्यावर आला. गॅरेजवाल्या काकांनी (त्यांचं पुढच्या कलमात येतंय) गळाला लावून आणलेली मुशी (लहान शार्कला आम्ही मुशीच म्हणतो) कोरड्या वाळूवर ओढून तो तिच्यावर बसला आणि फोटो नीट येईपर्यंत उठला नाही. पाण्यात सोडल्यावर ती तळाशी पडून राहिली. तो फोटो अजून त्याच्या फोनवर आहे. तो पुसावा, ही अट नाही, विनंती आहे.

कलम तिसरं. या मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करायचं काम गॅरेजवाल्या काकांकडे. ते नात्याने काका नाहीत, गिऱ्हाइकं म्हणतात म्हणून मीही म्हणतो. त्यांची ओळख कशी झाली ते लिहितो, कारण काठ्यांची गोष्ट तिथून सुरू होते. मी बर्फ पोचवून किनाऱ्याच्या रस्त्याने परत येत होतो. वाळूत एक माणूस कमरेला पट्टा बांधून, टाचा रोवून, वाकलेल्या काठीशी भांडत होता. मी गाडी थांबवली.

"काय अडकलंय हो?"

"माझी अक्कल. बाजूला हो, तार सुटली तर तुझं तोंड फाटेल."

मग पाण्यात पाठीवरचा पंख दिसला. मी तोपर्यंत समजत होतो की शार्क धरायला मोठी बोट लागते, खलाशी लागतात. काकांनी तिला गुडघाभर पाण्यातच धरलं, कटरने गळ कापला, शेपटीला धरून तोंड समुद्राकडे वळवलं आणि ती गेली. मी विचारलं, "सोडली? मग धरली कशाला?" ते म्हणाले, "तू एवढ्या नोकऱ्या धरून सोडल्यास, तुला मी विचारलं का?" मी तर तेव्हा त्यांना काही सांगितलंही नव्हतं. माझ्या शर्टावर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नावं होती, तेवढ्यावरून ओळखलं.

गाडीतला उरलेला बर्फ त्या दिवशी वितळला. मालकाने शिव्या दिल्या. पण ही पहिली गोष्ट जी मी अजून सोडलेली नाही.

कलम चौथं. माझ्या दोन्ही काठ्या, दोन्ही रिळं, कमरेचा पट्टा, तारा, गळ, कटर आणि कयाक, म्हणजे वल्ह्याची ती पिवळी प्लास्टिकची नाव, धाकट्या बहिणीला.

आईला हे मोडून टाकायचंय. दादाला विकायचंय. धाकटी काहीच म्हणत नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. म्हणून त्या दुपारी काय झालं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे मी नसलो तर दादाचं वाक्य तेवढं उरायला नको.

शार्कचं आमिष हाताने फेकून पोचत नाही. ते कयाकमधून लाटांच्या पलीकडे, पाण्याखालच्या दुसऱ्या वाळूच्या उंचवट्याच्याही पुढे नेऊन टाकावं लागतं. तेवढा वेळ किनाऱ्यावरच्या माणसाने रीळ मोकळं ठेवायचं आणि फिरत्या दोऱ्यावर अंगठा नुसता टेकवायचा. त्या दिवशी धाकटी पहिल्यांदाच रिळाजवळ होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते, तिच्या हाताइतका शांत हात आमच्या घरात दुसरा नाही. मी वल्हवत निघालो. मधेच पाण्यात काहीतरी चमकलं म्हणून थांबलो. (प्लास्टिकची पिशवी होती.) मी थांबलो पण रीळ फिरतच राहिलं, दोऱ्याची वेटोळी सुटायला लागली. गुंता होईल म्हणून तिने ब्रेकची कळ पुढे ढकलली. काच गरगरायला लागली की यंत्र बंद करायचं, हेच ती रोज करते. तेवढ्यात मी पुन्हा जोर लावला, दोरा ताठ झाला, कयाक आडवी वळली आणि लाटेने ती माझ्यावर उलटवली. तिची कड डोक्याला लागली.

चूक तिची होती. चूक नव्हती असं लिहिलं तर ती कागद फाडेल, ओळखतो मी तिला. पण नवशिक्याकडून होते तशीच ती चूक होती, आणि अशी चूक करणाऱ्याने काठी टाकायची म्हटलं तर आज किनाऱ्यावर एकही माणूस दिसला नसता. मी पाण्यातून उठून हसलो होतो. घरी जाऊन जेवलो होतो. डोकं दुखायला लागलं ते पुढे बऱ्याच दिवसांनी. तेव्हापासून ती हात खिशात घालून फिरते. हॉस्पिटलमध्ये फॉर्मवर सही करतानासुद्धा तिने पेन आईकडे सरकवलं.

कलम पाचवं. धाकटीने सुरुवात अशी करावी. आधी रिकाम्या किनाऱ्यावर नुसती गाठ बांधायला शिक. काका म्हणतात, गाठ सुटली तर शार्क गळ तोंडात घेऊन फिरेल आणि आयुष्यभर तुझ्या नावाने खडे फोडेल. गळ आत वळलेला घे, टोकामागचा उलटा काटा कानशीने घासून टाक. ओढ लागली की झटका देऊ नकोस, तिला जाऊ दे, मग हळूच ब्रेक लाव, गळ आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. तार हाताला कधीही गुंडाळायची नाही. लोक पोहतात तिथे आमिष टाकायचं नाही. कुठल्या जातीला हात लावायचा नाही ते काकांकडून पाठ करून घे. शार्कला पाण्याबाहेर आणायचं नाही, फोटो गेला खड्ड्यात. एकटीने जायचं नाही. आणि पहिल्या दिवशी बहुतेक काहीच लागणार नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला कंटाळू नकोस. मी कंटाळलो नाही म्हणजे कोणीही टिकू शकतं.

कलम सहावं. माझं शरीर समुद्रात सोडा असं लिहिणार होतो. काका म्हणाले, "शार्कलाही चव असते." तेव्हा ते आई ठरवेल.

वरचं सगळं मी वाचून पाहिलं आहे. खाडाखोड माझीच आहे.

सही: मधला.

साक्षीदार एक: गॅरेजवाले काका. सही ठळक, बोटाला लागलेल्या ग्रीसच्या डागासह.

साक्षीदार दोन: इथे शेजारच्या मास्तरीणबाईंची सही व्हायची होती. त्यांना बोलवायला आई गेली. तोवर काय झालं ते खाली लिहितो. सह्यांनंतरचं लिखाण कायद्यात बसत नसेल तर सोडून द्यावं.

धाकटीने कागद पुढे ओढला, खिशातून हात काढला आणि सही केली. स्वच्छ, पूर्ण नावाची.

काका ओरडले, "अगं, साक्षीदाराला वाटणीत काही मिळत नाही! गेल्या ना तुझ्या काठ्या!"

"माहितीये. म्हणूनच केली."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? तुझ्यासाठी लिहिलंय एवढं. पाचवं कलम वाच तरी."

"वाचलं. कागदावरून शिकता आलं असतं तर आपण दोघं शाळेत नापास झालो असतो का?" मग म्हणाली, "मला तुझ्या काठ्या नकोत. मेलेल्याच्या तर नकोतच. तू परत आलास की कयाक मी नेणार. रीळ तू धरायचंस."

"अजिबात नाही," मी म्हणालो. पटकन, आईच्याच सुरात. ती लाटांच्या पलीकडे त्या पिवळ्या डबड्यात एकटी, आणि तिचा जीव माझ्या एका अंगठ्यावर. माझ्या. एक पिशवी चमकली की थांबणाऱ्याच्या.

"घाबरलास ना?" ती म्हणाली. "मला महिनाभर असंच होतंय."

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. जिन्यावर आई आणि मास्तरीणबाईंचा आवाज यायला लागला.

तेव्हा कलम चौथं रद्द. काठ्या, रिळं, कयाक यांची कोणतीही व्यवस्था मी करत नाही. उद्या जे होईल ते होवो, तिला मी हो म्हटलं आहे.

सही: मधला.

ठिकाण: आईचं स्वयंपाकघर, खिडकीकडची खुर्ची.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, सोमवार, संध्याकाळ.