सोळा टक्के ओलावा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी बंदरावरच्या सोयाबीन गोदामात माल-तपासनीस व आता शेतकरी, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे; तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. धाकट्या भावाशी अबोला होता, त्यामुळे कोणाला काय द्यायचे तेच ठरत नव्हते.

१. राहते घर, मागच्या पंपासह, भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. न्हाणीघराचे दार खांदा लावून उघडावे लागते. ते तिला माहीत आहे.

२. ओलावा मोजायचे मीटर, चाळण्या आणि पोत्यात खुपसून नमुना काढायची पितळी नळी, हेही तिलाच. या मीटरची हकीकत नोंदवणे भाग आहे. एकोणीस वर्षांपूर्वी भावाने गावातल्यांचा सोयाबीन गोळा करून पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर निर्यातीला आणला. सात ट्रक. तपासणी नेमकी माझ्याकडे आली. ओलावा सोळा टक्के निघाला. बाराच्या वरचा माल जहाजात चढत नसे.

"ताई, जहाज उभं आहे. एक सही तर करायचीय."

"महिनाभर समुद्रात राहणार हा. बुरशी धरली तर पुन्हा तुमचा दाणा कोणी घेणार नाही."

"सख्खी बहीण ना तू?"

"म्हणूनच तीनदा मोजलं."

सातही ट्रक माघारी गेले. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. आई गेली तेव्हासुद्धा आम्ही खोलीच्या दोन कोपऱ्यांत उभे होतो. माल नाकारल्याचा मला पश्चात्ताप नाही. हमालांसमोर, ड्रायव्हरांसमोर मोठ्याने 'नापास' म्हणाले, त्याचा आहे. बाजूला घेऊन सांगता आले असते.

३. बँकेतली शिल्लक वाळवणीच्या शेडवर दुसरे छप्पर घालायला वापरावी. शेड भाचीची. सहा वर्षांपूर्वी ती बापाला न सांगता माझ्या दारात उभी राहिली. "आत्या, आपला माल का परत आला होता, ते मला शिकव." शिकवले. आज पन्नासेक शेतकरी तिच्याकडे दाणा वाळवतात आणि तो परदेशी सोयादूध करणाऱ्यांकडे जातो. गेल्या महिन्यात सर्वांत मोठी खेप निघण्याआधी तिने नमुना बापाच्या हाती माझ्याकडे धाडला. मुद्दामच, मी काही दुधखुळी नाही. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"अकरा," मी म्हणाले. "थांब, परत मोजते."

"नको. तू मोजलंस ना, झालं तर मग."

मग चहा घेतला. साखर कमी आहे म्हणाला.

४. शेजाऱ्याने बांध कोरून कोरून माझ्या दोन ओळी गिळल्या आहेत. त्या त्याला कायमच्या दिल्या, दरवर्षी चोरायचे कष्ट नकोत. तिसरीला हात लावला तर भाचीने सरकारी मोजणी आणावी.

५. ओढ्याकडची दोन एकर भावाला लिहिली होती. आज वकील मसुदा वाचायला आले, पण ठरलेला दुसरा साक्षीदार आला नाही. भाऊ म्हणाला, "मी करतो सही." वकील म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. भावाने मसुदा त्यांच्यापुढे सरकवला.

"मग माझं नाव खोडा. जमीन पोरीला जाऊ दे."

"वेडा आहेस का? कसदार जमीन आहे ती."

"कसेल तीच. मी बांधावर बसून अक्कल शिकवीन. या कागदावर सही मात्र माझी हवी."

सबब सदर जमीन भाचीला. वरील खाडाखोड माझ्या संमतीने झाली आहे.

या लिखाणाची अंमलबजावणी वकिलांनी करावी, आणि भाचीला कोर्टात ताटकळत ठेवू नये.

लिहिणार: (सही)
ठिकाण: राहते घर. चौदा नोव्हेंबर, दुपारी चार.

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ (सही). ताईने माझ्यासमोर सही केली आणि मी ताईसमोर.