मूत्रपिंडावरची ग्रंथी

मी, दमयंती काशीराम मयेकर, वय एकतीस, मूळ राहणार बुरोंडी, तालुका दापोली, हल्ली मुक्काम भाऊ केरू याच्या घरी, रत्नागिरी. मराठी तिसरी शिकले असल्याने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. शरीर खचले आहे. डोके जागेवर आहे, हे शेजारी सही करणारे डॉक्टर सांगतील.

दोन वर्षांपूर्वी मला दाढी फुटली. आवाज पुरुषासारखा झाला, विटाळ बंद झाला. सासूबाई म्हणाल्या, अंगात पुरुषाचे भूत शिरले. भूत उतरविणाऱ्या घाड्याकडून पाठीवर डाग देवविले. यजमानांनी सखूशी दुसरे लग्न करून मला माहेरी पाठविले.

गेल्या महिन्यात केरूने आगबोटीने मुंबईस नेले. तेथील सर्जनांनी पोट उघडले आणि तसेच शिवले. म्हणाले, "बाई, मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिचा रस रक्तात मिसळतो. तुमच्या डाव्या ग्रंथीत कर्करोग आहे. दाढी, आवाज, सगळे त्या रसाने झाले. आता रोग यकृतात गेला आहे."

मी विचारले, "मग भूत?"

"भूत नव्हतेच."

"माझा काही दोष?"

"काही नाही."

मरणार हे ऐकून जेवढी हबकले नाही, तेवढी या दोन शब्दांनी हबकले. कारण दोन वर्षे मीही भूतच मानले होते. अक्षर वाकडे आले तरी कागद खरा समजावा.

आईच्या सोन्याच्या पाटल्या भावजय गोदा हिला. दर तिसऱ्या दिवशी दार लावून ती माझी दाढी करते आणि त्या वेळी मुद्दाम बाजाराच्या गोष्टी बोलते.

वडिलांनी माझ्या नावे केलेले बारा माड केरूस.

माझी नथ यजमानांनी "दाढीवर शोभत नाही" म्हणून उतरवून सखूस घातली. ती माझे स्त्रीधन आहे. आज मी ती सखूस राजीखुशीने देते. यापुढे तिने ती चोरीची समजू नये.

यजमान परवा आले होते. मी त्यांना सगळे सांगितले. खाली बघत म्हणाले, "मला काय ठावं? आयशीनं सांगितलान, मी ऐकलं." त्यांना माफी लिहावी म्हणून ही ओळ सुरू केली होती. लिहवत नाही.

मेल्यावर येथील डॉक्टरांनी ती ग्रंथी काढून मुंबईस शिकणाऱ्यांसाठी पाठवावी. केरू रडून म्हणतो, "ताई, अपुऱ्या देहाला अग्नी कसा देऊ?" द्यावा. पुढच्या बाईला डाग देण्याआधी कोणीतरी तिथे हात लावून बघेल.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, तर केरूने उगाच कसली वचने देत बसू नये. माझी इच्छा राहिलेलीच आहे. मला जगायचे होते.

दमयंती काशीराम मयेकर, सही दस्तुर खुद्द
साक्षीदार: डॉ. आत्माराम पटवर्धन, हरिश्चंद्र सुर्वे, शाळामास्तर, शेजारी
रत्नागिरी, ता. ९ फेब्रुवारी १९३६