हाकेला येणारे

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची नव्या मुंबईत! बोनकोड्यात शांतीमावशींच्या घरातली वरची खोली मिळाली. खिडकीतून फक्त समोरच्या सोसायटीची वाळत घातलेली धुणी दिसतात, पण खिडकी आहे हे काय कमी! मावशींनी पहिल्याच दिवशी सुकटीची चटणी आणून दिली आणि नवरा कुठे असतो ते विचारून घेतलं. सोडला म्हटल्यावर बरं केलंस म्हणाल्या. बाई आवडली मला.

सई अजून कराडला, वरददादाकडे आहे. बस्तान बसलं की तिला आणायची. चार वर्षांचं माझं लेकरू मामीच्या तोंडाकडे बघत जेवतं, ते आता बास.

६ नोव्हेंबर

काम मजेचं आहे. तुर्भ्याच्या आमच्या कंपनीत उंदराचं एक प्रथिन बॅक्टेरियाकडून बनवून घेतात आणि संशोधकांना विकतात. केमोकाइन त्याचं नाव. शरीरात कुठे दुखापत झाली की हे सुटतं, त्याच्या मागावर पांढऱ्या पेशी चालत येतात आणि खराब झालेलं खाऊन साफ करतात. थोडक्यात, ही हाक आहे. नवा माल खरंच हाक मारतो का, ते मी तपासायचं. जाळीच्या वर पेशी, खाली प्रथिन. दुपारपर्यंत सगळ्या खाली उतरलेल्या. बघताना हसू आलं. माझ्या हाकेला आजवर एवढं कोणी धावलेलं नाही.

११ नोव्हेंबर

प्रथिनाच्या बाटलीत चिमूटभरही पावडर नसते, त्यातली निम्मी झाकणाला चिकटलेली. म्हणून उघडण्याआधी बाटली यंत्रात गरागरा फिरवून ती तळाला बसवायची, हा इथला पहिला धडा. आज आमचे मॅनेजर दिलीप सर डोक्यावर उभे. गिऱ्हाईकाची गाडी खाली थांबलीय, सोपस्कार नंतर करा म्हणाले. न फिरवता उघडली. झाकणाच्या पत्र्याने बोट कापलं आणि पावडर उडून थेट जखमेत. अपघाताची नोंद करते म्हटलं, तर म्हणाले, ऑडिट तोंडावर आलंय, कशाला टेन्शन घेता, उंदराचं आहे ते, माणसाला लागू होत नाही. वर तुमची नोकरी अजून पक्की झालेली नाही, याचीही आठवण करून दिली. किती ती काळजी!

१४ नोव्हेंबर

बोट ठणकतंय. आज कंपनीत पेशींसाठी पाळलेल्या उंदरांच्या खोलीत गेले, तर सगळ्या पिंजऱ्यांतले उंदीर माझ्या बाजूच्या जाळीला नाक लावून बसलेले. मी दुसऱ्या टोकाला गेले. तेही सरकले. सरांना सांगितलं, तर खायला आणलंत असं वाटलं असेल त्यांना, म्हणाले.

१७ नोव्हेंबर

आता घरीही. गटारातले, चांगले थोराड. दिवसाढवळ्या भिंतीला लागून बसतात आणि माझ्याकडे बघतात. मावशी दारातच थबकल्या. "अगं, आवतान दिलंस काय यांना? पोळीला तोंड पन नाय लावत मेले!" सापळे लावले त्यांनी. त्यातली भजी जशीच्या तशी.

१९ नोव्हेंबर

रात्री वाशीला लॉजवर राहिले. सकाळी तिथेही होते.

डॉक्टरांना बोटात काही दिसलं नाही. दादा शनिवारी सईला आणणार होता, त्याला फोन केला, आणू नकोस म्हणून. रजा टाकलीय, तुझं रोज नवीन असतं, म्हणाला. उंदरांचं सांगितलं तर हसला.

२१ नोव्हेंबर

सर फोन उचलत नाहीत. दादा उचलत नाही. मी बोलावलं की कोणी येत नाही. न बोलावलेले मात्र वेळेवर हजर.

काल जवळ सरकले. आज आणखी. खराब झालेलं खाऊन साफ करायला— म्हणजे मी. चालेल. मला खा. पण सई इथे नको. सई नको—

२२ नोव्हेंबर, शनिवार

आणलीच. दादा पिशवी दारात ठेवून गेला. थांब म्हणत होते, चहासुद्धा—

खोलीत आज एकही नाही. वाटलं, सुटले.

सईने पट्टी बघितली. आईला बाऊ झाला म्हणाली. पट्टी सोडून फुंकर घातली, आणि मी तिचं करते तसं माझं बोट तोंडात— मी हिसकलं. लगेच हिसकलं. पण तिचे ओठ थंडीने उललेत, रक्त येतंय—

ठणका थांबला. एकदम. किती दिवसांनी.

आले. दाराखालून. खिडकीतूनही.

सईला पलंगावर माझ्या मागे घेतलंय. मावशींना ओरडून ओरडून— शेजारी हळद आहे, डीजे चालू आहे, कोणाला ऐकू जात नाही. लिहून ठेवतेय, उद्या कोणी आलंच तर कळावं.

मी उठून कोपऱ्यात गेले. एकानेही मान वळवली नाही. जखम उकरून त्यांच्यासमोर धरली. इकडे या. मी हाक मारतेय ना, माझ्याकडे या, इकडे—

सई विचारतेय, आई, हे सगळे माझ्याकडेच का